पुढून कुठूनतरी आवाज यायलाय

जुन्या आलिशान गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या आवाजाला पहिली जबाबदार असते ती गाडीची शांतता. काळी-पिवळी जीप गंगाखेडहून पालमला येते तेव्हा तिचे निम्मे भाग खडखडत असतात आणि उरलेले केव्हाच गळून पडल्यामुळे गप्प असतात. त्या कल्लोळात एका बुशची कुरकुर कोण ऐकणार? मर्सिडीजची काच वर केली की शेजारून चाललेला वरातीचा डीजेसुद्धा पलीकडच्या गावात वाजत असल्यासारखा वाटतो. अशा शांततेत लिंक रॉडची बारीकशी खडखडही मालकाची झोप उडवायला पुरते.

पालमसारख्या तालुक्याच्या गावी अशी गाडी बहुधा तिसऱ्या-चौथ्या हाती येते. मराठवाड्यात या गाड्यांचा तुटवडा नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या हौशी मंडळींनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. सौदा 65 कोटींच्या घरातला होता आणि त्याची बातमी देशभर गाजली. त्या काळच्या सी-क्लास आणि ई-क्लास आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. इंजिन ठणठणीत, रंग चकचकीत आणि भाव नव्या ट्रॅक्टरच्या आत. सौदा करताना गिऱ्हाईक एसी लावून बघते, सनरूफ दोनदा उघडून बघते. चाकामागे वाकून रबर बघणारा मात्र विरळा, आणि आवाजाचे मूळ नेमके तिथेच असते. सस्पेन्शनमध्ये लोखंडाला लोखंड भिडू नये म्हणून जागोजागी रबरी बुश बसवलेले असतात. रबर किलोमीटरने झिजते तसे वयानेही कडक होते. ‘गाडी फक्त साठ हजार चालली’ या वाक्याचा विकणाऱ्याला उपयोग असतो, बुशला नसतो.

त्यात पालमची काळी माती. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्या तालावर लाटा घेतो. चाकाला क्षणभर उसंत मिळत नाही. शिवाय गतिरोधक आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने ताशी 25 किलोमीटरसाठीचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. गावोगावचे गतिरोधक मात्र उरलेल्या डांबराच्या आणि ग्रामस्थांच्या संतापाच्या प्रमाणात असतात. तरी निदानासाठी याहून चांगले उपकरण नाही.

आवाज शोधण्याआधी गाडी रिकामी करावी लागते. डिक्कीतला जॅक, सुटलेला पाना, सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, सत्यनारायणाचा विसरलेला नारळ हे सगळे बाहेर काढल्यावर बऱ्याच गाड्या तिथेच बऱ्या होतात. इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर वाळलेल्या मातीची ढेकळे साचलेली असतात, तीही झाडून घ्यावीत. त्यानंतर खडखड चालू असताना ब्रेकवर पाय हलकेच टेकवून पाहावा. आवाज थांबला तर दोष ब्रेक पॅडचा असतो आणि सस्पेन्शनची निर्दोष सुटका होते.

गॅरेजचे उस्ताद गाडीत बसले की आवाज बंद होतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. यात गाडीचा खोडसाळपणा नसतो. शेजारच्या सीटवर ऐंशी किलोचा माणूस बसला की त्या बाजूची स्प्रिंग दबते, चाकाला धरणाऱ्या आर्मचा कोन बदलतो आणि सैल सांधा तात्पुरता आवळल्यासारखा होतो. म्हणून पहिल्या फेरीला उस्तादांनी बाहेर उभे राहावे आणि मालकाने एकट्याने गाडी न्यावी. या व्यवस्थेला मालक सहसा तयार नसतो. आवाज आपल्याला एकट्यालाच येत नाही, हे त्याला सिद्ध करायचे असते.

‘आवाज कायचा यायलाय, मालक?’ या प्रश्नाला ‘पुढून कुठूनतरी यायलाय’ एवढेच उत्तर मिळते. ते पुरेसे नाही. कोणता आवाज, यापेक्षा कधी येतो, हे महत्त्वाचे. एकाच बाजूचे चाक लहान खड्ड्यात गेल्यावर खडखड होते आणि रस्ताभर पसरलेल्या गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढली की होत नाही, तर संशय सरळ लिंक रॉडवर. गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांच्या मध्ये एक आडवा दांडा असतो आणि लिंक रॉड त्याला चाकाशी जोडतात. दोन्ही चाके सारखीच वर गेली तर दांड्याला पीळच पडत नाही, मग लिंक रॉड कशाला बोलतील? खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक रॉड काढून, दांडा कुठे घासणार नाही असा बांधून, गाडी हळू चालवावी. वळणावर ती जास्त कलते, पण आवाज गेला तर गुन्हेगार हातात असतो. हा भाग मोटारीतल्या स्वस्त भागांपैकी आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी तो सर्वांत शेवटी बदलला जातो.

ब्रेक दाबताच एकदाच ‘ठक’, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक मारल्यावर पुन्हा एक ‘ठक’, असे झाले तर लोअर आर्मचा बुश फाटलेला असतो. ब्रेक लागताना चाक मागे ओढले जाते आणि सैल बुशमुळे आर्म टोकापर्यंत जाऊन आदळतो. या गाड्यांत खाली एका त्रिकोणी आर्मऐवजी दोन वेगळे आर्म असतात, त्यामुळे बुशही वेगवेगळे तपासावे लागतात. काही बुशांत द्रव भरलेला असतो आणि फुटल्यावर तो काळपट ओघळ सोडतो. हा ओघळ पाहून ‘शॉकअप लीक आहे’ असा निकाल देणारे बरेच भेटतात.

गतिरोधकावर हळू चढताना ‘कुईं’ झाले तर पाण्याची बाटली घ्यावी. एकेका बुशवर पाणी मारून गाडी हाताने दाबावी. ज्या बुशवर पाणी पडताच आवाज बदलतो, तो सापडला. ग्रीस मात्र लावू नये, नैसर्गिक रबर त्याने फुगते आणि खराब होते. पावसाळ्यात हा आवाज आपोआप जातो. मालक देवाचे आभार मानतो आणि दिवाळीनंतर पुन्हा गॅरेजात येतो.

वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते. वळणावरच्या टकटकीला ‘एक्सल गेला’ हे निदान मारुतीवर हात बसलेला मेकॅनिक डोळे मिटून देतो. ते मारुतीपुरते बरोबर आहे. मर्सिडीजच्या बहुतेक सी आणि ई-क्लासमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. पुढे एक्सलच नसतो, मग तो जाणार कुठे?

आवाजाचा पत्ता कानाने लागत नाही, कारण तो पत्र्यातून प्रवास करतो आणि डावीकडचा ठोका उजवीकडे ऐकू येतो. इथे बोटे कामाला येतात. गॅरेजातल्या खड्ड्यावर गाडी उभी करून हाताखालचा पोरगा सीटवर बसतो. खाली उस्ताद हाताचा पंजा बॉल जॉइंटभोवती धरतात. ‘डावीकडं फिरव. पुरं. आता उजवीकडं.’ चांगला सांधा गुळगुळीत वळतो. झिजलेल्या सांध्याचा बारीक ठोका तळव्याला कळतो. तसाच हात स्प्रिंगवर ठेवला आणि स्टिअरिंग फिरताना स्प्रिंग अडखळून ‘टंग’ करून सुटली, तर वरचा स्ट्रट माउंट किंवा त्याचे बेअरिंग गेले. बुशजवळ पहार घालून थोडे उचकटले की चीर तोंड उघडते. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खेळ असेल तर कोणी ब्रेक दाबावा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

पालमच्या गॅरेजात हायड्रॉलिक लिफ्ट नाही, फरशीत खणलेला खड्डा आहे, याचे मालकाला वाईट वाटते. वाटू नये. लिफ्टवर चाके लोंबकळतात आणि तशाच स्थितीत नव्या बुशचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनाने उभी असताना. खड्ड्यावर ती आपसूक तशीच उभी असते. टॉर्क पाना मात्र लागतो. तो नसेल तर नांदेड किंवा परभणीहून मागवावा, अंगाच्या जोरावर भागवू नये.

आर्म बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर टायर आतून खाऊन जातात. मग त्याच गतिरोधकावरून, त्याच वेगाने, तेवढीच माणसे बसवून फेरी मारावी. पुढचा आवाज गेलेला असतो. तेवढ्यात मागून एक ‘टुक’ ऐकू येते. ती पूर्वीही होती, पुढच्या खडखडीखाली दबलेली. मागे एकेका चाकाला पाच-पाच आर्म असतात. उस्ताद हात पुसतात आणि मालकाला मागच्या सीटवर बसायला सांगतात.