जेवायच्या हाताला वळा

आमच्या मारुती आठशेच्या डॅशबोर्डला एक भोक आहे. 18 सेंटिमीटर रुंद, 5 सेंटिमीटर उंच. हे माप उदगीरच्या कुणा मिस्त्रीनं ठरवलेलं नाही. जर्मन लोकांनी ते ठरवलं, 1984 साली जगानं मान्य केलं, आणि तेव्हापासून गाडी श्टुटगार्टची असो की उदगीरच्या चौबाऱ्याची, टेप बसवायचा तर बहुधा याच मापाचा. या मापाला ‘सिंगल डिन’ म्हणतात. बिदर रोडच्या टेपच्या दुकानातला पोरगा मात्र ‘दिन’ म्हणतो. “गुरुजी, तुमची गाडी सिंगल दिनची हाय,” असं तो गाडीत डोकं घालून बोलला, तेव्हा मला वाटलं, एका दिवसाची गॅरंटी सांगतोय.

गाडी 2004 ची, एमएच 24. पंधरा वर्षं झाली तेव्हा तिचं पुन्हा पासिंग केलं, पाच वर्षांनी आणखी एकदा केलं. आरटीओत साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, हॉर्न वाजवायला लावला. टेप वाजवून दाखवा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून आम्ही पास झालो. कारण टेपनं 2011 मध्येच प्रल्हाद शिंदेंची एक कॅसेट गिळली होती आणि ती आजतागायत परत दिलेली नाही. वर घड्याळाचे हिरवे आकडे तेवढे जळत. जाणारायेणारा म्हणे, “टेप चालू हाय वाटतं.” आम्ही मान हलवायचो.

शेवटी टेप बदलायचं ठरलं, तेव्हा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “पप्पा, अँड्रॉइडचा टाका. नऊ इंची स्क्रीन, मॅप, मागचा कॅमेरा, सगळं येतं.” हिनं फोन स्पीकरवर असतानाच विचारलं, “मग गाडी कोण चालवणार? हे पिक्चर बघत बसले तर?” ही शंका तशी जुनीच. 1930 साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ काढला आणि ‘मोटर’ला ‘ओला’ जोडून त्याचं नाव मोटोरोला ठेवलं, तेव्हा तिकडंही ओरड झाली होती की गाणं ऐकत गाडी हाकणारा माणूस खड्ड्यात जाणार. आमच्याकडं खड्ड्यात जायला गाण्याची गरज पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुकानात गेलो. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस दुकानात गेला की दुकानदाराला त्रासच. खोक्यावर ठळक लिहिलेलं: 50 वॅट गुणिले 4. म्हणजे 200. मी डबा फिरवून मागचा फ्यूज बघितला. 10 अँपिअर. बॅटरी 12 व्होल्ट. बारा दाहे एकशेवीस. आत 120 वॅट जाणार आणि बाहेर 200 येणार असेल तर ही वस्तू गाडीत कशाला, महावितरणला विकावी. पोरगा शांतपणे म्हणाला, “गुरुजी, आवाज आयका, आकडे कायकू वाचताव?” आणि त्यानं आवाज असा सोडला की शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. पोराचंही बरोबर होतं. आवाजाचं गणित मराठवाड्यात मंडपवाले वेगळंच शिकवतात.

खरी अडचण पुढं आली. नऊ इंची पडदा पाच सेंटिमीटरच्या भोकात बसत नाही. “काटना पडता, नै तो बैठता नै,” असं म्हणत त्यानं हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा दाखवला, हा तापवून प्लास्टिक कापायचं. कापलं की वरच्या हवेच्या जाळ्या अर्ध्या झाकणार, आणि जाळ्यांच्या वर चिकटवलेला गणपती पडद्यामागं जाणार. हिनं त्या ब्लेडकडं असं बघितलं, की पोरानं तो तुकडा आपणहून खिशात घातला.

तरी पडदा एकदा चालवून बघू म्हटलं. काउंटरवरच वायरी जोडल्या. मराठी बोलतो? बोलतो. मी तोंड जवळ नेऊन म्हणालो, “हाळी हंडरगुळी.” जनावरांच्या बाजारासाठी सगळ्या मुलखाला ठाऊक असलेलं, आमच्याच तालुक्यातलं गाव. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि हैदराबादचं एक हंडी बिर्याणीचं हॉटेल काढून दिलं. पुन्हा सावकाश म्हणालो. दुसरं हॉटेल. तिसऱ्यांदा दुकानातले चौघं एका सुरात ओरडले, तर ते म्हणालं, तुमचं बोलणं समजलं नाही. हंडरगुळीला निघालेला शेतकरी बैलाचा कासरा धरून हैदराबादला बिर्याणी खाताना माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

यंत्रातली बाई बोलते छान. “200 मीटरनंतर उजवीकडे वळा.” पण उदगीरला असं कोण बोलतं? 200 मीटर म्हणजे किती, हे इथं फक्त पोलिस भरतीच्या पोरांना कळतं. आमच्याकडं रस्ता असा सांगतात: “दूध डेअरीच्या म्होरं जावा, लिंबाचं झाड लागंल, तिथून जेवायच्या हाताला वळा, मग कुणालाबी इचारा.” यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. सांगणाऱ्याला माहीत असतं, की आपला रस्ता तिथपर्यंतच. पुढचा दुसऱ्याच्या ताब्यात. डेअरीत आता दुधाची भुकटी निघत नाही आणि लिंबाचं झाड रुंदीकरणात गेलं, तरी खूण चालू आहे. तोडलेल्या झाडापाशी वळायचं असेल तर ते झाड बघितलेला माणूस गाडीत लागतो, एवढंच.

आमच्या गाडीत तो माणूस म्हणजे ही. एकवीस वर्षं डावीकडच्या सीटवर बसून तिनं वाटाड्याचं काम केलंय. फाटा यायच्या शंभर पावलं आधीच तिचा हात काच खाली करायच्या हँडलवर जातो. आठशेची काच हातानं फिरवायची. सव्वातीन फेऱ्यांत अर्धी खाली येते, तेवढ्यात गाडी माणसापाशी पोचते. “ओ मामा,” अशी सुरुवात. मामा विचारतो, “कुठं जाऊलालाव? कुणाकडं?” नाव सांगितलं की रस्ता राहतो बाजूला, आणि त्या घरची सोयरीक कुठं झाली, विहिरीला पाणी किती, हे आधी कळतं. मला घाई असली की चीड येते. पण सतरा गावांच्या सोयरिकी आम्हाला अशाच पाठ झाल्या.

तरी वाट दाखवणाऱ्या उपग्रहांना नावं ठेवायची नाहीत. ते वर साधारण 20,200 किलोमीटरवरून फिरतात आणि वेळ सांगत राहतात, एवढंच. त्या वेळेच्या फरकावरून खालचं यंत्र आपली जागा काढतं, आणि त्यासाठी निदान चार उपग्रहांचं म्हणणं जुळावं लागतं. चौघांनी एकमतानं रस्ता सांगितलाय, असं उदगीरच्या कुठल्याही टपरीवर आजवर झालेलं नाही. शिवाय ही सेवा फुकट. एवढ्या उंचावरून फुकट काही देणारा आणि बदल्यात ‘कुणाकडं?’ असंही न विचारणारा या भागात दुसरा कुणी नाही.

दुकानदाराचा एक मुद्दा होता: अँड्रॉइडचा नकाशा अपडेट होत राहतो. हे मला पटेना. आमच्या आजोबांच्या जमिनीच्या उर्दू कागदावर जिल्हा बिदर. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली, तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात आलो. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचंही आता धाराशिव झालं. घराची एक वीट न हलवता आम्ही तीन जिल्हे फिरलो. अपडेटचं कौतुक आम्हाला कुणी सांगावं? अजूनही सीमेकडं गेलं की फोनवर कर्नाटकात स्वागत झाल्याचा निरोप येतो, आणि वळून घराकडं आलं की महाराष्ट्रात. इतिहास शिकवणारे माझे एक मित्र म्हणतात, 1760 साली भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाला हरवलं, आणि वर्ष उलटायच्या आत पानिपत झालं; तेव्हा उदगीरहून लांब जायचं तर वाटाड्या नीट निवडावा. ते स्वतः लातूरलाही एसटीनं जातात.

शेवटी सिंगल डिनचाच स्टिरिओ घेतला. ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, रेडिओ. डॅश कापायचा नाही, गणपती हलवायचा नाही. फोन लावायला अडीचशेचा एक चिमटा, तो हवेच्या जाळीला. वाट फोननं दाखवायची, आवाज स्टिरिओतून. मुलाला हा तह वाटला, हिला विजय.

पहिला आठवडा वाईट गेला. रोज सकाळी किल्ली फिरवली की नवा स्टिरिओ जन्माला आल्यासारखा इंग्रजीत विचारी, भाषा कोणती? घड्याळ बारावर. कालचं स्टेशन गायब. चौथ्या दिवशी मी डबा बाहेर ओढला. मागं तीन महत्त्वाच्या वायरी असतात. काळी अर्थिंगची. लाल किल्लीबरोबर जागी होते, किल्लीबरोबर झोपते. पिवळी थेट बॅटरीवर, रात्रंदिवस जागी. तिच्यावर यंत्राची आठवण चालते. बसवणाऱ्यानं घाईत लाल-पिवळी दोन्ही एकत्र पिळून किल्लीवर दिल्या होत्या. किल्ली काढली की स्मरण संपलं. मी पिवळी सोडवली, बॅटरीच्या लाइनीला जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली, तर आदल्या संध्याकाळी घरापाशी ज्या शब्दावर अभंग तुटला होता, तिथूनच पुढं सुरू झाला. ही म्हणाली, “माझ्याशी बोलताना तुमचं बी असंच कुठंतरी सुटलंय. ती वायर बघा की.”

मग सीमेपलीकडच्या भालकी तालुक्यातल्या एका गावात जावळाचं आमंत्रण आलं. कमलनगर मागं पडलं. गाणं चालू होतं. मधेच ते खाली बसलं आणि बाई बोलल्या, “पुढे उजवीकडे वळा.” पुढं फाटा दिसत होता, पण उजवीकडं तुरीचं रान आणि त्यात बैलगाडीची चाकोरी. ही काही बोलली नाही. हँडल मात्र फिरायला लागलं होतं. फाट्यावरच्या टपरीत एक म्हातारबा बशीतून चहा पीत बसले होते. हिनं मराठीत गावाचं नाव विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि कानडीत म्हणाले, “सीदा होग्री.”

तोंडानं सरळ म्हणाले, हात मात्र डावीकडं केला. फोन उजवीकडं म्हणत होता. आम्ही हाताचं ऐकलं.