लुकलुकणारी भुतं आणि राखाडी घाम

जुन्या व्हिडिओ गेम्सच्या नादी लागलेल्या मंडळींत एक खास पोटजात आहे. ही मंडळी गेम खेळत नाहीत, ताडून पाहतात. एकच गेम चार जुन्या यंत्रांवर लावायचा, चारही पडदे शेजारी शेजारी मांडायचे आणि पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींच्या गांभीर्याने गुण मोजायचे. इथे रंग कमी, तिथे आवाज बसका, अमक्यात तिसरा टप्पाच गायब. यातला सरस कोणता, हे बहुतेक वेळा सुरुवातीलाच ठाऊक असतं: आर्केडमधलं मूळ यंत्र. पण उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नावर रात्रभर वाद घालता येत नसेल, तर तो छंद कसला!

प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल, तर मूळ यंत्रात पाहण्यासारखं फारसं नसतं. ते चांगलंच असतं, त्यात काय विशेष? खरी मजा फसलेल्या नकलांत आहे.

त्यात पहिल्या पाटाचा मान ॲटरी २६०० वरच्या पॅकमॅनचा. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांचा हा गेम जपानात १९८० साली आला आणि बघता बघता जगभर पसरला. तो घरच्या टीव्हीवर आणायचं काम ॲटरीत टॉड फ्राय यांच्या गळ्यात पडलं. हाताशी यंत्र होतं १९७७ सालचं. त्याची चालू स्मृती १२८ बाइट. म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या देवनागरी मजकुराची जेमतेम बेचाळीस चिन्हं. चाळीतल्या नोटीसबोर्डावरची एक ओळसुद्धा त्यात मावायची नाही. कार्ट्रिज ४ केबीचं. चित्र साठवून ठेवायला जागाच नाही, त्यामुळे टीव्हीच्या पडद्यावर किरण जसजसा पुढे सरकेल तसतसं ओळीओळीला 'आता हे काढ, आता ते काढ' असं प्रोग्रॅमने सांगत राहायचं.

शिवाय यंत्राची घडण दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू एवढ्यापुरती. पॅकमॅनला तर एक नायक आणि चार भुतं हवीत. फ्राय यांनी एक आकृती नायकाला दिली आणि दुसरीत चारही भुतांना पाळीपाळीने बसवलं. सेकंदाला ६० चित्रं, त्यांतली प्रत्येक भुताच्या वाट्याला १५. परिणामी भुतं अखंड लुकलुकत राहिली. भुतंच ती, दिसली न दिसली तरी चालायचं, असा बचाव करता आला असता. पण बाकीच्याचं काय? गोल ठिपक्यांच्या जागी आडव्या चिपट्या आल्या आणि माहितीपुस्तिकेने त्यांचं 'व्हिडिओ वेफर' असं बारसं केलं. चेरी आणि स्ट्रॉबेरी गेल्या. त्यांच्या जागी एक चौकोनी तुकडा आला, त्याचं नाव 'व्हिटॅमिन'. ज्यांनी आर्केडमध्ये फळं खाल्ली होती, त्यांना घरी औषधावर भागवावं लागलं.

१९८२ साली हे सगळं बाजारात आलं आणि सुमारे ७० लाख लोकांनी विकत घेतलं. लोक नावावर भाळतात, तक्रार नंतर करतात. ॲटरीचा न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला गेला. २०१४ मध्ये ती जागा उकरली, तेव्हा 'ई.टी.' या गेमच्या बरोबरीने पॅकमॅनची कार्ट्रिजंही वर आली.

आता गंमत पाहा. १९८३ मध्ये त्याच यंत्रावर मिस पॅकमॅन आली, ती ८ केबीच्या कार्ट्रिजवर. चक्रव्यूह नीटनेटका, फळं ओळखू येणारी, भुतांची लुकलुकही बरीच आटोक्यात. म्हणजे अंगण वाकडं होतंच, पण जागा दुप्पट मिळाल्यावर त्याच अंगणात बऱ्यापैकी नाचता आलं.

इंग्लंडमध्ये तऱ्हा निराळी. सेगाचा 'आउट रन' (१९८६) आर्केडमध्ये हलत्या गाडीत बसून खेळायचा आणि त्यातलं संगीत ही त्याची निम्मी शान. घरच्या झेडएक्स स्पेक्ट्रममधून निघायची ती पिपाणी. वितरकांनी तोडगा काढला: डब्यात आर्केडच्या संगीताची वेगळी ऑडिओ कॅसेटच घातली. टेपरेकॉर्डरवरून आधी गेम लोड करायचा, मग कॅसेट बदलून गाणी लावायची. असलं निर्मळ निर्लज्जपण आता दुर्मिळ झालं आहे.

कधी यंत्राला सगळं जमतं, मालकाला ते नको असतं. १९९३ च्या सप्टेंबरात 'मॉर्टल कॉम्बॅट' सेगा आणि निन्टेन्डो या दोघांच्याही यंत्रांवर आला. निन्टेन्डोच्या सोवळ्यात रक्त बसेना, म्हणून ठोसा लागला की राखाडी घाम उडायचा. दोन मल्ल एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि शिंतोडे मात्र व्यायामशाळेतले. सेगाने रक्त एका गुप्त संकेतामागे ठेवलं: ए, बी, ए, सी, ए, बी, बी. ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं, त्यांनाच तो संकेत तोंडपाठ. सेगाची प्रत जास्त खपली. डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली आणि पुढच्याच वर्षी 'मॉर्टल कॉम्बॅट २'मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रावरही लालभडक रक्त वाहू लागलं.

नक्कल अस्सलाला मागे टाकते, असंही घडतं. 'काँट्रा' आर्केडमध्ये (१९८७) उभ्या, चिंचोळ्या पडद्यावर होता. पुढच्या वर्षी कोनामीने तो घरी आणताना टप्पे ऐसपैस केले आणि खेळ उलट रंगला. जपानी प्रतीत जंगलातली पानं हलतात, बर्फाच्या टप्प्यात हिम भुरभुरतं. अमेरिकेच्या प्रतीत सगळं चिडीचूप. युरोपात १९९० मध्ये हाच गेम 'प्रोबोटेक्टर' होऊन आला आणि दोन्ही शिपायांचे चक्क यंत्रमानव झाले. माणसं मारणं वाईट, भंगार पाडायला हरकत नाही.

महाराष्ट्रातल्या पोरांना या भानगडींचा पत्ताच नव्हता. नव्वदच्या दशकात त्यांच्या घरी आलं ते निन्टेन्डोच्या यंत्राचं बिननावाचं भावंड. सोबत '९९९९ इन १'ची पिवळी कॅसेट. लावण्याआधी तिच्यात फुंकर मारायची. यादीतले पहिले काही गेम सोडले की पुढे तेच ते पुन्हा, फक्त सुरुवातीचा टप्पा वेगळा. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए हा मंत्र मात्र पाढ्यांच्या आधी पाठ झालेला, कारण त्याने 'काँट्रा'त तीस लाइफ मिळायच्या.

ताडून पाहणाऱ्यांची खरी पंचाईत होते ती 'मुस्तफा'पाशी. कॅपकॉमच्या या आर्केड गेमचं (१९९३) खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'. पण आपल्याकडच्या गेम पार्लरमध्ये त्यातल्या एका चपळ गड्याच्या नावावरून सगळा खेळच मुस्तफा झाला. हा आर्केड गेम त्या काळी कुठल्याच घरगुती यंत्रावर आला नाही. ना लुकलुक, ना घाम, ना वेगळी कॅसेट. शेजारी मांडायला दुसरा पडदाच नाही म्हटल्यावर मंडळी थोडा वेळ गप्प बसतात, आणि मग कोणत्या पार्लरमधल्या यंत्राचं उडीचं बटण जास्त अडकायचं यावर हमरीतुमरीवर येतात.