दाढीवाल्याचा खांब

"अगं, कपडे राहू देत घटकाभर. इकडे ये. त्या दाढीवाल्याचं ऐकलंस का?"

मावशींनी कुंपणापलीकडून अशी हाक मारली, की दाढीवाला आपल्याच गल्लीतला असेल असं वाटावं. मावशी पक्क्या इंदूरकर. होळकरांच्या घरातलं सगळं त्या काल संध्याकाळी घडल्यासारखं सांगतात.

"कुठला दाढीवाला?"

"ब्रांकुश गं. कॉन्स्टंटिन ब्रांकुश. रुमानियाचा मूर्तिकार, राहायला पॅरिसला. यशवंतराव होळकर महाराजांनी देऊळ बांधायला बोलावलेला."

"आपल्या इंदुरात?"

"मग काय! पण आधी त्याचं घराणं ऐक."

घराणं ऐकल्याशिवाय मावशी कुणालाच पुढे जाऊ देत नाहीत. होबित्सा नावाचं खेडं, कार्पेथियन डोंगराच्या पायथ्याशी. जन्म १८७६ चा. सगळा मुलूख लाकूडकामाचा. घराच्या ओसरीचे खांब कोरीव, फाटकंही कोरीव. पोरगा मेंढरं राखायचा आणि अधूनमधून घरातून पळून जायचा. पुढे क्रायोव्हाला कारागिरी शिकला, बुखारेस्टला मूर्तिकला, आणि १९०४ साली पॅरिस गाठलं. बरीचशी वाट पायी तुडवली म्हणतात.

"मूर्तिकार रोदँच्या हाताखाली काम मिळालं, तर थोड्याच दिवसांत सोडून आला. म्हणे मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही."

मला आमचे धाकटे दीर आठवले. तेही असंच काहीसं बोलून नोकरी सोडून आलेत. त्यांचं अजून काही उगवलेलं नाही. मी विषय पुढे ढकलला.

"मग तिथलाच झाला असेल."

"छे गं! पॅरिसात राहून थाट गावाकडचा. चूल स्वतःच्या हातानं बांधलेली, बसायची बाकं स्वतः घडवलेली. पाहुणा आला की स्वतः रांधून वाढायचा."

एवढ्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला. काका एक्साइजमधून निवृत्त झालेत. "त्याच्या पक्ष्याचं सांग की!"

"तुम्हीच सांगा. तुमच्या खात्याचे प्रताप आहेत."

काका पेपर घेऊनच कुंपणाशी आले. "त्याचा एक पक्षी होता, ब्राँझचा. पंख नाहीत, चोच नाही, नुसती चकचकीत उंच झेप. १९२६ साली अमेरिकेत नेला, तर तिथल्या कस्टमवाल्यांनी त्याला कलाकृती मानायला नकार दिला. स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्यातलं सामान यांच्या यादीत घातला आणि ठोकली चाळीस टक्के जकात! कोर्टात गेलं प्रकरण. १९२८ साली निकाल लागला, की ही कलाच."

"आणि तसलेच पक्षी आपल्या महाराजांनी घेतले," मावशींनी सूत्रं परत हातात घेतली. "एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. महाराज तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. ऑक्सफर्डला शिकलेले. माणिकबागेचा राजवाडा बर्लिनच्या एकार्ट म्युथेसिउसकडून करून घेतलेला. कमानी नाहीत, घुमट नाहीत, सरळ रेषा. आत थंड हवेची यंत्रं. झोपायच्या खोलीत धातूचे पलंग. त्या काळात युरोपातल्या राजेरजवाड्यांकडेही क्वचितच असायचं असलं काही."

"आणि देऊळ?"

मावशींचा आवाज उतरला. "महाराणी संयोगिताबाई गेल्या गं, १९३७ साली. कागलच्या घाटग्यांची लेक. ऐन विशीतली. देवळाची बोलणी त्याआधीपासूनची होती, पण मग त्याला वेगळाच अर्थ आला. खिडक्या नाहीत, जमिनीखालून वाट, आत पाणी, वरून उजेड आणि भोवती ते तीन पक्षी. असा बेत होता म्हणतात. १९३८ च्या सुरुवातीला ब्रांकुश इंदुरात आला, थांबला, पण महाराजांशी गाठच पडेना. गेला परत. देऊळ राहिलं ते राहिलंच."

"बिचारा! रिकाम्या हातानं गेला."

"बिचारा कसला! त्याच सुमारास त्यानं गावाकडे मोठं काम उभं केलं. तिर्गु जिऊला. पहिल्या महायुद्धात तिथे नदीवर लढाई झाली होती. मेलेल्या सैनिकांसाठी बायकांच्या मंडळानं त्याला बोलावलं. पैसे घेतले नाहीत म्हणतात. नदीकाठी दगडी मेज आणि बारा बैठका, मग दगडी कमान आणि तिथून गाव ओलांडून दुसऱ्या टोकाला ओतीव लोखंडाचा खांब. एकोणतीस मीटरांहून उंच. सगळं एका रेषेत. नुसता पुतळा बसवून आला नाही, अख्खं गाव त्यानं ओवून घेतलं."

"आणि त्या खांबाचा आकार कुठला, सांगा," काका मध्येच म्हणाले.

"ओसरीचा! तिकडच्या घरांच्या ओसरीला तसेच खाचांचे खांब असतात. १९१८ साली त्यानं पॅरिसात तो लाकडात करून पाहिला, मग वीसेक वर्षांनी गावाकडे लोखंडात उभा केला."

"मग एवढं गावाचं वेड होतं, तर परत का नाही गेला राहायला?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी माहेरी कायमची जाते म्हणाले. "परत गेला असता तर ओसऱ्याच कोरत बसला असता. तिथे खांब म्हटला की वर छप्पर आलंच. पॅरिसला गेला म्हणून त्याला सुचलं, की छप्पर काढून टाकावं आणि खांबाला वर जाऊ द्यावं."

काकासुद्धा दोन मिनिटं गप्प झाले. हे क्वचित घडतं.

"मग गावानं डोक्यावर घेतला असेल."

"घेतला की! कम्युनिस्ट आले तेव्हा गावच्या पुढाऱ्यानं तो खांब ट्रॅक्टर लावून ओढायला काढला, असं सांगतात. हलला नाही. आणि १९५१ साली हा आपल्या मूर्ती देशाला द्यायला तयार होता, तर सरकारनं नको म्हटलं, असंही सांगतात. मग काय, १९५२ साली फ्रान्सचा नागरिक झाला आणि सगळा कारखाना फ्रान्सला लिहून दिला. १९५७ साली पॅरिसातच गेला. पुढे तिथल्या पाँपिदू कलाकेंद्रासमोर वास्तुकार रेंझो पियानोनं त्याचा कारखाना जसाच्या तसा मांडला होता. आणि तिर्गु जिऊचं काम २०२४ साली जागतिक वारशात गेलं. आता मिरवतायत."

"आपण तरी काय केलं?" मी म्हटलं. "आपले पक्षी कुठेत?"

"संगमरवरी दोन्ही ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला. ब्राँझचा कॅलिफोर्नियात. माणिकबागेच्या खुर्च्या-पलंग १९८० साली मोनॅकोत लिलावात गेले."

"आणि माणिकबागेत आता काय आहे, सांग तिला," काका पेपरची घडी घालत म्हणाले.

"कर, कस्टम, एक्साइजचं ऑफिस! ज्या खात्यानं तिकडे पक्ष्यावर जकात लावली, त्याच खात्याचा भाऊबंद इकडे त्याच्या घरट्यात बसलाय."

"आम्ही कधी पक्ष्यावर जकात लावली नाही," काका ठसक्यात म्हणाले.

"कशी लावाल? तुम्ही यायच्या आधीच उडून गेले होते ते. उचल आता तुझी बादली, तुझे कपडे आंबतील."