बेडकाचे वकील

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या बहुतेक टोळक्यांत एक वकीलसाहेब असतात. त्यांच्याकडे सनद नसते, पण पक्षकार असतो आणि तो अनेकदा बेडूक असतो. या खेळात जादूगाराला फॅमिलिअर नावाचा सोबती प्राणी पाळता येतो. मांजर, घुबड, उंदीर, साप, ज्याची जशी हौस. २००३च्या साडेतीनाव्या आवृत्तीत बेडूक पाळला तर जादूगाराला तीन हिट पॉइंट जास्त मिळायचे, म्हणजे मार खायची ताकद तेवढीच वाढायची. त्याच आवृत्तीत या सोबती प्राण्यासाठी एक नियम होता. जादूगाराने स्वतःवर टाकलेला मंत्र त्याची मर्जी असेल तर प्राण्यालाही लागू व्हायचा. त्यासाठी मंत्र टाकताना प्राणी पाच फुटांच्या आत हवा. नंतर तो त्यापलीकडे गेला की त्याच्यापुरता मंत्र संपला, परत आला तरी उपयोग नाही. बाकीचे खेळाडू एवढं वाचून फासा उचलतात. वकीलसाहेब चष्मा पुसतात. ‘तो गेला तर’ असंच लिहिलंय ना? मग बेडूक जागचा हललाच नाही आणि मालकच पळून गेला तर?

या मंडळींवरचा नेहमीचा आरोप असा, की ते शब्दाचा कीस काढतात तो स्वतःच्या फायद्यासाठी. आरोप सोपा आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. त्याच आवृत्तीतला स्टोनस्किन हा कातडी दगडासारखी करणारा मंत्र घ्या. अडीचशे सुवर्णनाण्यांची हिऱ्याची पूड उधळून तो टाकायचा. जादूगाराच्या दर पातळीमागे दहा या हिशेबाने फार तर दीडशे गुणांची इजा तो अडवतो आणि विरतो. हा मंत्र बेडकाशी वाटून घेतला, तर ते दीडशे दोघांत मिळून की प्रत्येकी? संयुक्त खातं की दोन वेगळी खाती? नियमात याबद्दल चकार शब्द नाही. मिरर इमेजने जादूगाराच्या आभासी प्रतिमा उभ्या राहतात. बेडकाच्याही राहतील का, आणि राहिल्याच तर किती, हे ठरवायला फासा पुन्हा टाकायचा का? हे प्रश्न वकिलांनी पैदा केलेले नाहीत, ते अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यातून आले आहेत. शिवाय जादूगाराने एखादं पोशन प्यायल्यावर कोणी भाबडेपणाने म्हणालं, की याचा गुण बेडकालाही येऊ दे, तर ताडकन हरकत घेणारे हेच साहेब असतात. पिणं म्हणजे मंत्र टाकणं नव्हे! बेडूक त्यांचाच, नुकसानही त्यांचंच. ते थोडंथोडकं नाही. त्या आवृत्तीत फॅमिलिअर मेला तर दर पातळीमागे दोनशे अनुभवगुण जायचे, फासा नीट पडला तर निम्म्यावर भागायचं आणि दुसरा प्राणी मिळायला एक वर्ष आणि एक दिवस थांबावं लागायचं. निव्वळ फायद्यावर डोळा असलेला माणूस अशा वेळी गुपचूप शेंगदाणे खात बसला असता.

खुद्द नियम लिहिणाऱ्यांचं वागणंही वकिलांच्याच बाजूने साक्ष देतं. साडेतीनाव्याच आवृत्तीवर बेतलेला पाथफाइंडर हा खेळ २००९मध्ये आला, तेव्हा पाच फुटांची सगळी भानगड त्यातून गायब होती. उरलं ते इतकंच, की जो मंत्र एरवी फक्त स्वतःवर टाकता येतो, तो जादूगाराने स्वतःऐवजी प्राण्याला स्पर्श करून त्याच्यावर टाकावा. डन्जन्सच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत फॅमिलिअरची ही वाटणी पुरतीच बंद झाली. तशी सोय पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या घोड्याला राहिली, तीही स्वार पाठीवर असताना आणि मंत्राचं लक्ष्य फक्त स्वार असेल तर. भिंतीला भगदाड नव्हतंच, तर ते बुजवायला एवढे गवंडी कशाला लागले? आणि बुजवूनही काय झालं? एरवी कोणावरही टाकता येणारा, पण या वेळी एकट्या स्वतःवर टाकलेला मंत्र ‘फक्त’मध्ये बसतो की नाही, हा खटला लगेच उभा राहिला.

कोणी म्हणेल, शेवटचा शब्द खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचा, असं पुस्तकातच आहे. मग हे काथ्याकूट कशाला? वकीलसाहेबांना तो अधिकार मान्य आहे. त्यांना निकालासोबत कारणं हवी असतात, कारण आज बेडकाला सूट आणि पुढच्या रविवारी घुबडाला नाही, असं झालं की खेळ डन्जन मास्टरच्या लहरीवर चालतो आणि फासे नुसते शोभेचे उरतात. हा आग्रह मला रास्त वाटतो. विधिवाक्याचा शब्द धरायचा की तात्पर्य, यावर मीमांसकांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाष्यं लिहिली. त्यांच्या वारसांनी तरी या माणसाला हसू नये. वेळ खाण्याच्या आरोपावर मात्र माझ्याकडे त्यांच्यासाठी बचाव नाही. लढाईतली एक फेरी म्हणजे खेळातले सहा सेकंद. तेवढ्या सहा सेकंदांसाठी राक्षस आ वासून ताटकळतो, तलवार हवेतच राहते, समोसे गार होतात आणि ज्याची पाळी होती तो फोनवर रिक्षाचं भाडं बघू लागतो. तात्पुरता निर्णय घ्यावा, डाव पुढे न्यावा आणि युक्तिवाद खेळ संपल्यावर करावा, हे साधं शहाणपण आहे. वकीलसाहेबही ते मान्य करतात, पुस्तक मिटतात, फासा हातात घेतात. फक्त नोंद असावी म्हणून एकच मुद्दा. राक्षसाने आत्ता बेडूक गिळला आहे, पण राक्षस स्वतः जादूगाराला खेटून उभा आहे. नियम अंतर मोजायला सांगतो. पोटाचा त्यात कुठेही उल्लेख नाही.