फरशीशास्त्री

पुण्याच्या वाड्यात ज्या गृहस्थाने भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी सुताराला बोलावणे धाडले, तोच गृहस्थ विलायतेत घर घेताच कानावर पेन्सिल खोचून स्वतःच्या स्वयंपाकघरात फरशी बसवू लागतो, हे स्थित्यंतर तिकडच्या कारागिरांची मजुरी ऐकल्यावाचून उमगत नाही. लेस्टरला स्थायिक झालेले आमचे मेहुणे हे या संप्रदायाचे अव्वल उपासक आहेत.

मोकळ्या जमिनीवर फरश्या ओळीने मांडणे हे त्यांच्या मते सोम्यागोम्याचे काम. पुरुषार्थाची परीक्षा रेडिएटरपाशी. घर ऊबदार राखणाऱ्या त्या लोखंडी पेटाऱ्याला गरम पाणी पोचवणारी एक आणि निवलेले परत नेणारी एक अशा तांब्याच्या दोन नळ्या जमिनीतून उगवतात, आणि त्यांची वरची टोके पेटाऱ्याला जखडलेली असल्याने, फरशीला भोक पाडले तरी ती मण्यासारखी ओवता येत नाही. रेडिएटर उतरवावा, तर त्याच्या पोटातले काळे पाणी जमिनीवर सांडून ताईचा संताप ओढवायचा. म्हणून शास्त्रोक्त तोड अशी की, आधी भोक पाडायचे, मग त्याच्या बरोबर मध्यातून फरशी चिरायची, आणि दोन्ही अर्धुके नळीला दोहों बाजूंनी आणून भिडवायची. नळी 15 मिलिमीटरची, भोक मात्र 18 चे. कारण तापलेले तांबे प्रसरण पावते, शिवाय कापणारी चकती आपल्या जाडीइतकी फरशी खाऊन टाकते. हा सारा तपशील मला चहा पुढे येण्यापूर्वीच ऐकवण्यात आला.

(भोवतीच्या फटीत सिमेंट न भरता लवचीक सिलिकॉन भरावे, हे चहानंतर.)

प्रत्यक्ष मोहिमेत मेहुण्यांनी पुठ्ठ्याचा नकाशा तीनदा कातरला, गुळगुळीत पृष्ठावरून हिऱ्याचे गिरमिट घसरू नये म्हणून ते आधी तिरपे धरून मग उभे केले, आणि ते तापू नये म्हणून थेंबथेंब पाणी घालण्याचा अधिकार ताईला बहाल केला. पहिली फरशी आधी चिरून मग भोकण्याच्या घाईत गेली. दुसरी पाणी वेळेवर न पडल्याने गेली, असे मेहुणे म्हणतात. ताईचे म्हणणे दप्तरी नोंदलेले नाही. तिसरीचे मोजमाप चोख होते, परंतु ते डावीउजवी विसरून उतरवलेले होते. रात्री अकराला चौथी बसली, आणि मेहुण्यांनी शेजाऱ्यांना उठवावे की काय, याचा गंभीरपणे विचार केला.

वास्तविक नळीच्या पायथ्याशी बसवायच्या दुभंगी चकत्या बाजारात स्वस्त मिळतात आणि भोक कितीही ओबडधोबड असले तरी झाकून टाकतात. ताईने त्या पहिल्याच दिवशी आणून ठेवल्या होत्या. त्या अद्याप वेष्टनासह ओट्याखालच्या खणात पडून आहेत; कारण त्या बसवल्या, तर पाहुण्यांनी पाहायचे काय? तूर्त रिवाज असा आहे की, पाहुण्याचा ओव्हरकोट उतरवून घेतल्यावर त्याला बसायला खुर्ची देण्याऐवजी गुडघ्याखाली ठेवायला उशी देतात, आणि मेहुणे स्वतः विजेरी धरून उभे राहतात.