दिवाणखान्यातला समुद्र

प्रवाळाला २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, त्यामुळे दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत समुद्र मांडणाऱ्या हौशी मंडळींची झोप उडते. पाणी ३० अंशांच्या वर काही दिवस राहिले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. स्वयंपाक करून वाढणाऱ्या भाडेकरूलाच हाकलून देण्याचा हा शहाणपणा.

स्वस्त उपाय पंख्याचा. पृष्ठभागावर छोटा पंखा रोखला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत ही युक्ती झकास चालते. मुंबईत मात्र, खरा समुद्र खिडकीतून दिसत असूनही, दमट हवेपुढे ती लंगडी पडते. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, मीठ टाकीतच उरते. म्हणून रोज आरओचे पाणी ओतायचे, मग घरातली माणसे नळाचे पिईनात का.

महागडा उपाय चिलर. तो टाकीतली उष्णता काढून खोलीत सोडतो, तापलेली खोली टाकी तापवते, आणि चिलर अधिकच घरघरतो. अखेर खोलीत एसी बसतो. आजोबांनी कित्येक उन्हाळे मागितलेला, प्रवाळाने न मागता मिळवलेला.

पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या टाकीत सोडल्या तर तापमान झपकन उतरते आणि तासाभरात पुन्हा चढते. प्रवाळाला हे हेलकावे सोसत नाहीत. तरी भारनियमनाच्या दुपारी दुसरा इलाज नसतो: फ्रीजरमधून कुल्फी बाहेर, बाटल्या आत.