कोपराचं कलम

अमेरिकी कॉलेजांतला बिअरपाँग हा मोठा कायदाप्रिय खेळ. आठ फुटी टेबल, दोन्ही टोकांना त्रिकोणात मांडलेले दहा-दहा प्लास्टिकचे पेले आणि पिंगपाँगचा चेंडू. तो ज्याच्या पेल्यात पडेल त्याने पेला रिकामा करायचा. म्हणजे हरणाऱ्यालाच तीर्थप्रसाद, आणि पुढचा नेम आणखी वाकडा. जमिनीवर लोळलेला चेंडू पाण्यात बुचकळला की शुद्ध! (आपल्या पंचपात्रीलाही ही सिद्धी नाही.) फेकताना कोपर टेबलाच्या कडेपुढे गेलं, तर त्यावर मध्यरात्री खंडपीठ बसतं. न्यायमूर्तींचं वय एकोणीस. महामार्गाचा निधी कापण्याचा धाक घालून १९८४ च्या कायद्याने राज्याराज्यांत दारूसाठी एकविशीची अट आणवली. तो मुद्दा मात्र एकही वकील काढत नाही.